चाळीसचे बत्तीस

सिंदेवाहीहून नवरगावच्या रस्त्याला
चिंतावारांची राइस मिल, तिथला ट्रकचा काटा,
काट्याच्या खोलीत ती मशीन.
आणली तेव्हा पांढरी होती म्हणे,
आता जुन्या तुपाच्या रंगाची.
काट्याचा प्रोग्राम हिच्याशिवाय कुठेच चालत नाही
आणि तो लिहिणारा नागपूरचा माणूस
फोन उचलत नाही.

डिस्क मेली सोमवारी.
देवाजी गुरनुले म्हणाले, "रातभर टकटक करे, बाई.
मले वाटलं, पाल आहे."

पुस्तिकेत छापलंय : आमच्याच कंपनीची डिस्क वापरावी.
कंपनी बुडून बारा वर्षं झाली.
मी पिशवीतून भलत्याच कंपनीची काढली,
चाळीस जीबी, सीताबर्डीवरून आणलेली, जुनीच,
पाठीवर कुणीतरी मार्करनं लिहिलेलं : चालू.

जोडली. मशीन मोजायला बसली
ती बसूनच राहिली.
तिला बत्तीसच्या पुढे मोजता येत नाही.
ती शिकली तेव्हा
त्याच्या पुढचं कुणाजवळ नव्हतं.

अशा वेळी डिस्कलाच खोटं बोलायला लावतात.
मागच्या दोन पिनांवर काळी टोपी घालायची,
मग चाळीसची असून ती बत्तीस सांगते.
टोपी तांदळाच्या कणीएवढी.
बोटांतून सुटली ती थेट कोंड्यात.

राइस मिलमध्ये कणी शोधायची!
देवाजींनी चाळणी आणली, दोन हमाल आले,
खंडू मडावी विचारे, "कोनाची टोपी? केवढ्या डोक्याची?"
तूस चाळलं, कोंडा चाळला,
शर्टाचं एक बटण निघालं.
शेवटी मेलेल्या डिस्कचीच टोपी उतरवली.
तिला आता कुणाला काय सांगायचं होतं.

मशीननं बत्तीस म्हटलं.
मी हो म्हटलं.

मग फॉरमॅट.
पडदा विचारतो : सगळं जाईल, पुढे जायचं?
"थांबा," देवाजी म्हणाले, "कायचं सगळं?"
या डिस्कवरचं.
"आपलं तर तिच्यात काहीच नाही."
नाही.
"मंग कोनाचं?"
मी वाय दाबलं.

"हे करून काय रायली नेमकं?"
मी म्हटलं, बांध्या पाडते.
मोकळ्या जागेत धुरे घालते,
एकेका बांधीला नंबर देते,
पाणी ठरणार नाही तिथे खूण करून
पुढे जाते.
त्यांना पटलं. इतकं लगेच पटलं
की मलाच शंका आली.

एकाहत्तर टक्क्यांवर लाइन गेली.
पट्टे थांबले, हॉलर थांबला,
हवेतलं तूस सावकाश खाली बसलं,
चहात बसलं, माझ्या बाह्यांवर बसलं.
तेव्हा सुचलं :
टोपीखालचे आठ जीबी
मशीनला दिसणारच नाहीत,
म्हणजे पुसलेही जाणार नाहीत.
आधीच्या माणसाचं त्यात काही असेल तर
ते आता इथेच राहील, काट्याच्या खोलीत,
धानाच्या वजनांना लागून,
धुऱ्यापलीकडे.
हे देवाजींना सांगावं वाटलं.
ते बशीत फुंकर मारत होते.

लाइन आली. परत शून्यापासून.

दिवेलागणीला प्रोग्राम उघडला,
पण फाटकात एकही गाडी नाही.
"तुमीच चढा जी काट्यावर."
साठ टन पेलणाऱ्या त्या लोखंडी पाटावर
मी एकटी, चपला घालून,
हातात मेलेली डिस्क.
माल विचारल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकेना.
देवाजींनी धान टाकलं.
प्रिंटर करकरला.

पावती अजून पर्समध्ये आहे :
गाडी नंबर शून्य, माल धान, वजन पन्नास किलो.
मी सत्तेचाळीस. काटा दहा-दहानंच मोजतो.

"बरोबर आहे ना?" देवाजींनी खिडकीतून विचारलं.
चालू आहे, मी म्हटलं.